अंगठा दिसला की भाकरी

८ एप्रिल १९३४, थळ

आज आबांनी होडी उंदेरीच्या खडकावर घातली असती! कान्हाकाकाने सुकाणूवर झडप घातली म्हणून वाचले सगळे. हे मला आबांनी सांगितलं नाही, काकानेही नाही. किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडत होते, तिथे बायका कुजबुजत होत्या, त्यातून कळलं. मी घरी येऊन सरळ विचारलं. आबा म्हणाले, "धुकट होता गो. चैताचा धुकट."

चैत्रात धुकट असतं, खरं आहे. पण उंदेरी काय आज समुद्रात आली? आबा जन्मभर त्या खडकांना वळसा घालून घरी येताहेत.

आई चुलीपाशी गप्प बसून होती. ती गप्प बसली की समजावं, गोष्ट खरी आहे.

९ एप्रिल, अलिबाग

शाळेत मन लागलं नाही. दुसरीच्या मुलींकडून एकच कविता पुन्हा पुन्हा म्हणून घेतली. म्हटली बिचाऱ्यांनी.

१४ एप्रिल

मुख्य बाईंविषयी असं लिहू नये, पण केसरबाईंचं डोकं फिरलंय! मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना डोंगर चढायचा आहे. पायी जायचं, रानात तंबू ठोकून राहायचं, आपलं आपण रांधायचं. आणि बरोबर कोण? मी! सामानाला शाळेचा शिपाई कोंडाजी. बाईंना चाळिशी लागली, डोक्यावर पांढरे केस, पेणला घर आहे, सुट्टीत आंबे खात बसायचं तर नाही! "तू कोळ्याची मुलगी, तुला कसली भीती?" म्हणतात. अहो बाई, कोळ्याची मुलगी पाण्याला भीत नाही. डोंगराचं तुम्हाला कोणी सांगितलं?

मी नाहीच म्हणणार होते. मग सहज विचारलं, "कुठला डोंगर?"

"कर्नाळा."

कर्नाळा म्हणजे आमचा अंगठा! किल्ल्याच्या माथ्यावर एक दगडी सुळका उभा आहे, तो समुद्रातून बघितला की मुठीतून वर काढलेला अंगठा दिसतो. थळच्या होड्या त्याच्यावरच घरी येतात. आधी तो कनकेश्वराच्या डोंगराआड लपलेला असतो. होडी नीट वाटेवर आली की खांद्याआडून हळूच बाहेर येतो. तो बाहेर आला म्हणजे खडक चुकले, आता घर. आमच्या होडीवर रीत आहे, तांडेलाने, म्हणजे आबांनी, "दिसला!" म्हटल्याशिवाय कुणी भाकरी सोडायची नाही. मग आबा हात जोडतात, पहिला तुकडा पाण्यात टाकतात, आणि मग सगळे जेवतात. माझे आजेही असंच करत. लहानपणी मी एकदा होडीवर गेले होते, भुकेने रडत होते, तरी मला घास मिळाला नव्हता.

त्या अंगठ्यापाशी माणसं जाऊ शकतात हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. खरंच सांगते, नव्हतं.

१५ एप्रिल, थळ

आईला आधी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "बाय मानसं डोंगरावर निजनार? आनी काय बिबल्याला भाकरी वाढनार?"

आबा जाळं विणत होते. मी म्हटलं, कर्नाळ्याला. त्यांचा हात थांबला. मग देवळात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "त्याला जवलून बघशील तू?"

"होय आबा."

"मी जल्मभर त्याला हात जोडलं. त्याच्या पायाशी कंधी गेलो नाय."

मी म्हटलं, चला ना मग तुम्हीही! हसले. "तांडेल डोंगरावर गेला तं होडी कोन आनील?"

जेवणं झाल्यावर मला ओट्यावर बोलावलं. मला वाटलं नको म्हणणार. पण भलतंच बोलले. जसंच्या तसं लिहून ठेवते.

"उंदेरीला धुकट नव्हता, सत्या. माजं डोलं गेलं असतील. नायतर नसतील. मना कोन खरा सांगत नाय. तू वरशी मना इशारा कर. जाल पेटव, काय पन कर. किती येला केलीस ता कोनाला सांगू नको. मनाबी नको. मी होडीवरशी मोजीन. तू आलीस का आकडा सांगीन. बरोबर आला तं सुकानू माजा. चुकला तं कान्हाचा."

मी म्हटलं, आबा, असलं काहीतरी कशाला! तर म्हणाले, "होडीवर सात मानसं असतात गो."

झोप येत नाही. मजा म्हणून निघाले होते. आता आबांचं सुकाणू माझ्या हातात आलंय.

१९ एप्रिल, अलिबाग

कोंडाजी कर्नाळ्याच्या पायथ्याचाच निघाला! शाळेची घंटा वाजवतो तो माणूस अंगठ्याच्या सावलीत वाढलाय, आणि कधी बोलला नाही. मी जाळाचं विचारलं तर दचकलाच. "बाई, जाळाचं नावबी काढू नका. सुळक्याला आग्या मोहोळं हायती, ही एवढाली. धूर गेला की माणूस काय वाचत न्हाय." त्याच्या गावचा एकजण असाच गेला, म्हणे.

मग खूण कशाने करायची? केसरबाई म्हणाल्या, आरसा. उन्हं कलली की सूर्य समुद्राच्या बाजूला येतो. कवडसा नेमका टाकला तर कितीतरी मैलांवरून दिसतो. लढाईत पलटणी असंच करत. बाईंना सगळं ठाऊक असतं. वाचतात फार.

मुंबईहून कॅनव्हासचे बूट आले. माझ्या पायाला जन्मात बूट ठाऊक नाही. घालून वर्गापर्यंत गेले, तर मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. संध्याकाळी दोन्ही टाचांना फोड!

२२ एप्रिल, थळ

केसरबाई बैलगाडीने आल्या आणि आम्ही सरावाला कनकेश्वर चढलो. बाईंनी पाठीवर घ्यायची पिशवी शिवून आणलीय, दोन पट्ट्यांची. मला ती जमेना. मान मोकळी, पाठ गच्च, काहीतरीच. शेवटी पिशवी डोक्यावर घेतली आणि भराभर पायऱ्या चढले. बूट हातात! बाई मागून ओरडत होत्या, "सत्यवती, अगं डोंगर आहे तो, मासळीबाजार नाही!" पण वर पोचल्यावर धापा कोण टाकत होतं?

वरून पूर्वेला बघितलं. धुरकट होतं. तरी त्या धुराच्या वर तो दिसला. आपला अंगठा. जमिनीवरून मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. बाई काहीतरी सांगत होत्या, मी ऐकलंच नाही. नकळत हात जोडले गेले.

२९ एप्रिल

तंबू! केसरबाईंना मुंबईचा तंबू परवडेना. आई म्हणाली, "शीड हाय ना जुना." आबांच्या होडीचं गेल्या वर्षी उतरवलेलं शीड तिने माळ्यावरून काढलं. ऐनाच्या सालीत रंगवून रंगवून लालसर झालेलं, अजून मिठाचा वास. दिवसभर बसून तिने शिवलं. डोंगराला नाव ठेवते, आणि टाके मात्र असे घातलेत की वादळात उसवायचे नाहीत. दोऱ्या, कड्या, मधली काठी, सगळं होडीसारखं.

शिवताना मध्येच म्हणाली, "यानं तुजा बापूस किती येला घरी आनला असंल." आणि नाक पुसलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२ मे

सुट्टी लागली. केसरबाई आमच्याकडेच उतरल्यात. आज किनाऱ्यावर तंबूची परीक्षा. अख्खा कोळीवाडा जमला!

तंबूचं तोंड कुठे करायचं यावर कोणाला प्रश्नच पडला नाही. दर्याकडे. आमच्याकडे दर्याकडे पाठ करून कुणी जेवत नाही, निजत नाही, घराची दारंही तिकडेच. तसाच उभा केला. छान दिसत होता. केसरबाई आत जाऊन बसल्या, बाहेर डोकावून नमस्कारसुद्धा केला लोकांना.

आणि खारा वारा सुटला! शिडाने तोंड भरून वारा घेतला, फट्‌ करून फुगलं, आणि तंबू निघाला की वाळूवरून! मेखा उपटल्या, कोंडाजी दोरीला धरून घसरत मागे, बाई आत ओरडताहेत! पोरं टाळ्या पिटत पळाली. सुरूच्या झाडाला जाऊन अडकला तेव्हा थांबला. बाईंचा चष्मा वाळूत सापडला, देवाची कृपा.

आबा हसून हसून खाली बसले. कित्येक महिन्यांत असे हसले नव्हते. "शिडाला तोंड दिला, मंग ता धावनारच! त्याला काय ठाव त्यो आता घर झालाय?" मग माझ्याकडे वळून नीट समजावलं, "वरती दर्याला पाठ दे, सत्या. एकदा चालंल. दर्या रागावनार नाय."

४ मे

कान्हाकाका विहिरीपाशी गाठून बोलला. इकडेतिकडे बघत बोलत होता. म्हणाला, दादाला हल्ली अंगठा दिसत नाही असं वाटतं. "त्यो दिसला का आमीच भाकऱ्यांचा फडका सोरतो. थाल्यांची खडखड करतो. मंग दादा म्हनतो, दिसला." असं कधीपासून? तर दिवाळीपासून!

मला इतका राग आला! म्हटलं, काका, हे काय चालवलंय तुम्ही? जीव जाईल सगळ्यांचा. काका खाली बघत म्हणाला, "तुजा बापूस हाय तो. मना त्यानंच होडीवर चालायला शिकवला. त्याच्या हातातून सुकानू मी कसा काढू?" आणि डोळे पुसले. एवढा धिप्पाड माणूस.

आता कळलं, "होडीवर सात माणसं असतात" म्हणजे काय. आबांना ती खडखड ऐकू येते. सगळं ठाऊक आहे त्यांना. त्यांना एक गोष्ट अशी हवी आहे की जिच्यात कुणाची माया आड येणार नाही.

६ मे

आईने आपला आरसा दिला. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात आबांनी तिला मुंबईहून आणलेला, लाकडी चौकटीचा, चांगला मोठा. भिंतीवर त्याच्या जागी चौकोन राहिलाय. "फोडशील तं याद राख," म्हणाली. मग स्वतःच पदराने पुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला.

बाईंनी नेम शिकवला. काठी रोवायची, काठीच्या टोकामागे होडी धरायची, टोकावर कवडसा पाडायचा. मी किनाऱ्यावरून खंदेरी बेटाच्या बाजूला चमकवला तर तिकडच्या होडीवरून बाबाजी, आमच्या होडीवरचाच खलाशी, दोन्ही हात हलवायला लागला. दिसतो! दिसतो की!

आबा मात्र घरात जाऊन बसले. "तालीम नको," म्हणाले.

७ मे

उद्या पहाटे निघायचं. पोहे, तांदूळ, डाळ, गूळ, मीठ. सुकट मी घेणार होते, केसरबाईंनी नाक दाबून हात जोडले, तेव्हा राहिली. पोलीसपाटील येऊन गेले. चिरनेरवरून जाऊ नका म्हणाले, जंगल सत्याग्रहापासून तिकडे पोलीस तंबूवाल्यांकडे संशयाने बघतात. केसरबाई म्हणाल्या, "बघू देत."

ठरलं ते असं. ११ तारखेला, उन्हं कलल्यावर, आबांची होडी खंदेरीच्या बाहेर असेल. किती वेळा चमकवायचं ते मी मनाशी ठरवलंय. इथेही लिहीत नाही.

आबा निजायला जाताना म्हणाले, "त्याच्या पायाला हात लाव, माज्या नावानं."

८ मे, करंजा

रेवसपर्यंत चाललो, मग तरीने खाडीपलीकडे. बूट घातलेत, आत केळीचं पान. पाय सुखात आहेत. करंज्याच्या देवळाबाहेर मुक्काम. तंबू नीट पाठ देऊन लावला. काही उडालं नाही! बाई घोरतात. फार वाचणारी माणसंही घोरतात.

९ मे, चिरनेर

दिवसभर मिठागरांतून. डोळे दिपतात नुसते. वाफ्यांमधलं पाणी आरशासारखं, कडेने पांढरे ढीग, आणि त्या उन्हात माणसं मीठ ओढताहेत. एका बाईने विचारलं, कुठे जाता? म्हटलं, कर्नाळ्याला. "तिथं काय देतात?" म्हणाली. हसलो दोघी.

अंगठा आता नखाएवढा नाही. आबांच्या खऱ्या अंगठ्याएवढा झालाय. मिठागरातल्या पाण्यातही दिसत होता, उलटा. मी दर थोड्या वेळाने वर बघते, आहे ना म्हणून. जसा काही जाणार आहे कुठे!

पोलीस कोणी भेटले नाहीत.

१० मे, पायथा

लिहायला शब्द नाहीत. कोंडाजीच्या भावाच्या अंगणात बसलेय आणि मान मागे टाकून दुखायला लागली तरी खाली करवत नाही. हा अंगठा? हा केवढा आहे! काळा, सरळ, आभाळात घुसलेला. त्याच्याभोवती घारी फिरताहेत त्या चिमण्यांएवढ्या दिसतात. आणि आम्ही त्याला इतक्या लांबून, होडीत बसून, आपल्या भाकरीसाठी "दिसला" म्हणत आलो. त्याला ठाऊकही नसेल. की असेल?

कोंडाजीच्या भावजयीला विचारलं, तुम्हाला याचं काय वाटतं? म्हणाली, "सकाळी सावली लवकर हटत नाही, भात वाळत नाही."

११ मे, कर्नाळा

पहाटे चढायला लागलो. रान, करवंदं, वाळलेल्या पानांचा आवाज, कुठेतरी भेकर ओरडलं. मग पायऱ्या, दरवाजा, मोडके बुरूज. आणि एकदम तो समोर! मोहोळं लटकलेली, काळी, हलणारी. त्यांचा गुंजारव ऐकू येत होता, दगडच गुणगुणतोय असा. बोलायचं सोडूनच दिलं आम्ही. पायाशी पाण्याची टाकी कोरलीत, थंडगार पाणी. मी सुळक्याला हात लावला. आबांच्या नावाने कपाळ टेकवलं. दगड ऊन होता, माणसाच्या अंगात ताप असावा तसा. मी रडले. केसरबाईही रडल्या, का ते त्यांनाच ठाऊक.

मग पश्चिमेला वळले आणि समुद्र!

माझा समुद्र. तो एवढा कसा? खालून तो आपल्या पायाशी असतो, होडीत बसलं की आपल्याभोवती असतो. इथून तो सगळा होता, आभाळापर्यंत, उभा केल्यासारखा. खाड्या आत घुसलेल्या, मिठागरं तुकड्यातुकड्यांची, कनकेश्वर म्हणजे नुसता उंचवटा, आणि त्याच्या पलीकडे दोन ठिपके. खंदेरी, उंदेरी! तो खडक, ज्याची आम्हाला जन्मभर भीती, तो इथून तीळ आहे. आबांचं अख्खं आयुष्य माझ्या एका तळहाताखाली झाकलं जात होतं. मला भीतीच वाटली. कोणीतरी कायम इथून आपल्याला बघत असेल तर त्याला आपण असेच दिसत असू.

आता पुढचं. लिहिलंच पाहिजे.

उन्हाला आडोसा म्हणून तंबू लावला. कोंडाजी म्हणाला, "बाई, पाठ दर्याला ना?" मी म्हटलं, नाही. असा समुद्र समोर असताना त्याला पाठ द्यायची? माझ्याने होईना. माझ्या सात पिढ्यांनी दिली नसेल. तोंड दर्याकडे केलं. उन्हं कलेपर्यंत आरसा आत, मधल्या काठीला बांधून ठेवला, सावलीत राहावा म्हणून. ताटं, बाईंची पिशवी, सगळं आत.

आम्ही टाक्यावर पाणी भरत होतो. तेव्हाच वारा फिरला. फट्‌. तोच आवाज! धावलो. शीड भरलं होतं. मेखा खडकात कसल्या बसणार! ते उठलं, एकदा डोललं, अगदी होडीवर डोलतं तसं, आणि कड्यावरून गेलं. आरसा, ताटं, काठी, सगळं घेऊन. खाली कुठेतरी खळ्‌ झालं. मग काही नाही.

सूर्य कलत होता. वेळ होत आली होती. चमकणारं दुसरं काही आहे का म्हणून वेड्यासारखं शोधलं. बाहेर राहिलं होतं ते कोंडाजीचं पातेलं, काळंकुट्ट. केसरबाई ते दगडाने घासत बसल्या, बिचाऱ्या, हात सोलवटले त्यांचे. मी कड्याशी उभी राहिले आणि नुसते हात हलवले. इतक्या लांबून! आबा तिकडे होडीत उभे असतील, डोळ्यांवर हात धरून, मोजायला. मोजायला काही नाहीच.

सूर्य समुद्रात गेला. इतकं सुंदर मी काही बघितलेलं नाही. आणि मला ते बघवलं नाही.

१२ मे

खाली करवंदीच्या जाळीत शीड सापडलं. उसवलेलं नाही, आईचे टाके. आरशाची चौकट आहे, काचेचा चुरा झालाय. सगळे तुकडे लुगड्यात बांधून घेतले. ही वही कमरेला खोचलेली म्हणून वाचली.

आबांना काही दिसलं नसणार. ते समजणार डोळे गेले. सुकाणू देऊन टाकणार. आणि खरंच गेले असतील डोळे, तरी ते असं कळायचं? माझ्या मूर्खपणाने? त्यांनी एकच गोष्ट मागितली होती मायेशिवायची, आणि मी समुद्राच्या मायेपायी ती घालवली.

१३ मे

चालतेय. बाई हात धरून चालतात. बोलत नाहीत, हे त्यांचे उपकार.

१४ मे, थळ

पोचले. किनाऱ्यावर लांबूनच कान्हाकाका ओरडत धावत आला, "दिसला गो! तीनदा चमाकला!" मागून बाबाजी, "तीन नाय, पाच! लख्ख!" सगळ्या होडीने बघितला म्हणे, देवाशपथ. कान्हाकाकाची नजर मात्र माझ्या नजरेला भिडेना; पुन्हा तीच खडखड, आबांसाठी. आबा ओंडक्यावर बसून होते. म्हणाले, "मना एकदापन दिसला नाय, सत्या. सुकानू दिला कान्हाला."

मी लुगडं सोडलं आणि काचा वाळूवर ओतल्या. आईचा हात तोंडावर गेला. आबांनी वाकून एक तुकडा उचलला, बोटाने चाचपला.

"मंग किती येला?"

"एकदाही नाही, आबा. वरच फुटला."

आबा कान्हाकाकाकडे वळले. मग म्हणाले, "आता सांग, कोनाला दिसत नाय?"

सुकाणू त्यांनी परत मागितलं नाही. भाकरी मात्र आज त्यांनी तुकडा मोडल्याशिवाय कुणी सोडली नाही.